आठव्या लेनचं घड्याळ

ऑगस्टमधली सकाळ. भुरभुर पाऊस, स्पर्धा थांबवावी इतका नाही, पण कागद कोरडा राहू देणाराही नाही. तलावाच्या काठावर टाइमकीपर मंडळी छत्रीचा दांडा मानेत धरून बसलेली. एका हातात घड्याळ, दुसऱ्यात पेन्सिल, कारण ओल्या स्लिपवर बॉलपेन उठत नाही. मुलींची ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची हीट, म्हणजे प्राथमिक फेरीची शर्यत, सुटली. सात लेनच्या मुली मागेपुढे भिंतीला लागल्या, तिसऱ्या नंबरावरून चौथ्या आणि पाचव्या लेनच्या मध्ये कुजबुज सुरू झाली आणि काठावरची सगळी माणसं तिकडे वाकली. आठव्या लेनमधली ११ वर्षांची मुलगी अजून पाण्यातच होती. शेवटचे दहा-बारा मीटर ती एकटीच पोहली. भिंतीपाशी आली, दोन्ही हात एकदम लावले, अगदी नियमात लावले, गॉगल कपाळावर सारला आणि वर बघून विचारलं, "काका, किती?" काका मायेनं म्हणाले, "आठवा नंबर, बाळ. छान पोहलीस." ती म्हणाली, "नंबर नाही. टायमिंग किती?" काकांनी घड्याळाकडे पाहिलं. पलीकडे वाकताना त्यांचा अंगठा बटणावर पडला होता. घड्याळात सगळी शून्यं होती.

तिनं पुन्हा विचारलं नाही.

तशी ही फार मोठी गोष्ट नव्हे. पाचएक मिनिटांत पुढची हीट लागली, ती मुलगी टॉवेल गुंडाळून आईशेजारी जाऊन बसली, काकांनीही दिवसभर मान मोडून काम केलं. अशा स्पर्धांना माणसं मिळत नाहीत; जी येतात ती आपली सुट्टी सोडून येतात. तरी ते शून्य डोक्यातून जात नाही. मुलांच्या जलतरण क्लबचा इतिहास कुणी लिहायला घेतला की पानं ठरलेली असतात. स्थापना, तलावाचं उद्घाटन, प्रमुख पाहुणे, मग पदकांची यादी, शेवटी देणगीदारांचे आभार. त्या यादीत पहिला, दुसरा, तिसरा असतो. आठव्या लेनला जागा नसते. आणि क्लबमध्ये पोहणारी बहुतेक मुलं तर आठव्याच लेनची असतात.

घड्याळ लावणं हे बघायला सोपं काम वाटतं, तसं ते नाही. पहिला धडा म्हणजे आवाजावर घड्याळ लावायचं नाही, शर्यत सोडणाऱ्याच्या दिव्यावर किंवा पिस्तुलाच्या धुरावर लावायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५० मीटरच्या तलावात ५० मीटरची शर्यत पलीकडच्या टोकाहून सुटते आणि टाइमकीपर अलीकडच्या टोकाला असतात, म्हणजे आवाज त्यांच्या कानी पडेपर्यंत जवळजवळ १५ शतांश सेकंद गेलेले असतात. जो आवाजावर बटण दाबतो, तो मुलाला ते १५ शतांश फुकट देतो. एखाद्या मुलाचं चांगलं टायमिंग असं लागतं. दोन महिन्यांनी दुसऱ्या स्पर्धेत दिवा असतो, तिथे तेच पोर तितकंच जोरात पोहूनही मागे पडल्यासारखं दिसतं. मग घरी ‘मेहनत कमी पडतेय’ सुरू होतं. मेहनत कमी पडलेली नसते, वाटेतली हवा आडवी आलेली असते.

दुसरा धडा शेवटाचा. काठावर उभं राहून, वाकून, सरळ खाली भिंतीकडे बघायचं. बसल्या जागेवरून तिरकं पाहिलं की हात भिंतीला लागण्याआधीच लागल्यासारखा दिसतो. पोरगं जवळ आलं की अंदाजानं बटण दाबायची सवय भल्याभल्यांना असते. बटणावर दर वेळी तेच बोट हवं, एकदा अंगठा आणि एकदा तर्जनी असं नको. नियमाप्रमाणे एका लेनला तीन घड्याळं. दोन जुळली तर तीच वेळ धरायची, तिन्ही वेगळी आली तर मधली घ्यायची, दोनच चालली तर त्यांची सरासरी काढायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र बहुतेकदा एका लेनला एकच घड्याळ असतं, आणि त्या एका घड्याळावर एका मुलीचं पूर्ण वर्ष टांगलेलं असतं. साधा हिशेब करा. ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ६५ सेकंदांत पोहणारी मुलगी सेकंदाला साधारण ७७ सेंटिमीटर जाते. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे पावणेआठ सेंटिमीटर. तिच्याच पंजाची रुंदी तेवढी. वर्षभर पहाटे पाचला उठून कमवायचं असतं ते तेवढं.

जगातसुद्धा यावरून वाद झालेत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेत, म्हणजे चारही प्रकार एकामागून एक पोहायच्या शर्यतीत, स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघेही ४:३१.९८ ला लागले. मग यंत्रात हजारांश पाहिले आणि लार्सनला दोन हजारांशांनी सुवर्ण दिलं. त्या वेगानं दोन हजारांश म्हणजे पाण्यात तीन मिलिमीटर. दोन लेनच्या भिंतीत, टाइल्सच्या लावणीतच तेवढा फरक असू शकतो, हे पुढे सगळ्यांना पटलं आणि पोहण्यात वेळ शतांशापर्यंतच धरायची, बरोबरी झाली तर दोघांना सारखं पदक द्यायचं असं ठरलं. त्याच वर्षी, त्याच देशात, काही आठवडे आधी हायडेलबर्गला सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर पॅरालिंपिकच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत भिंतीला लागले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेलं शरीर पाण्यानं धरून ठेवलं होतं. देशाचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. मधली ४६ वर्षं ते ३७.३३ कागदावर होतं म्हणून टिकलं. कुणी नीट घड्याळ लावलं होतं, कुणी नीट लिहून ठेवलं होतं.

म्हणून वही.

प्रत्येक जुन्या क्लबमध्ये एक तरी लांबोडकी, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही असते. कडा पाण्यानं फुगलेल्या, पानांना क्लोरीनचा आणि ओल्या टॉवेलचा वास, आत निळ्या शाईचे ढग. रकाने साधे: तारीख, नाव, प्रकार, अंतर, वेळ, शेरा. शहाणा कोच त्यात पाण्याचं तापमान आणि तलाव २५ चा की ५० चा तेही लिहितो, कारण २५ मीटरच्या तलावात भिंत जास्त वेळा मिळते, दर टर्नला पायानं ढकलून घेता येतं, आणि तिथली १०० मीटरची वेळ मोठ्या तलावातल्या वेळेपेक्षा दोनएक सेकंदांनी कमी दिसते. दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं तर काही वर्षांनी वही वाचणाऱ्याला वाटेल की मुलगा एका महिन्यात वाघ झाला आणि पुढच्या महिन्यात शेळी. मला विचाराल तर क्लबचा इतिहास त्या वहीतच आहे. कपाटातले कप धूळ खातात, त्यांचे कान निघतात, नावाची पट्टी सुटून पडते. वहीत मात्र एखादं पोर १:२८ पासून १:०६ पर्यंत कसं आलं ते पानापानावर दिसतं. त्याला आयुष्यात एकही पदक मिळालेलं नसलं तरी.

तलाव बांधले जाण्याआधी नाशिकला असली वही नव्हती, कारण गंगेला घड्याळ नव्हतं. बाहेरचे लोक गोदावरी म्हणतात. आपल्याकडे ‘गंगेवर जाऊन येतो’ असंच म्हणायची पद्धत. रामकुंडाखालच्या गांधी तलावात आणि पुढच्या घाटांवर कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या. वाळवलेले भोपळे सुतळीनं पाठीला बांधायचे किंवा झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा. चार दिवसांनी दोनाचा एक भोपळा करायचा, आणखी चार दिवसांनी तोही सोडायचा. भोपळ्याच्या देठाशी बारीक चीर पडली की तो पाणी पितो आणि नेमका मध्यावर जड होतो, म्हणून रोज तो कानाशी धरून हलवून बघायचा, आत पाणी खळखळतं का. मोजमापाला नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेलं की सगळं शहर बघायला लोटायचं. २००८ ला आणि २०१६ ला लोटलं होतंच. पुराच्या पाण्यात होळकर पुलावरून मुटका मारणारी पोरं हा शहराच्या कौतुकाचा आणि काळजीचाही विषय होता.

नदीनं शिकवलं ते तलाव शिकवत नाही, हे कबूल करायला हवं. उभं पोहणं, म्हणजे हात-पाय फारसे न हलवता एका जागी तरंगून राहणं. दम लागला की पाठीवर पडणं. ओढीला आडवं न जाता तिच्याबरोबर तिरकं निघून खालच्या घाटाला लागणं. तलावात ५० मीटर चाळीस सेकंदांत मारणाऱ्या किती मुलांना हे येतं? फार थोड्यांना. आणि म्हणूनच दर पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याजवळ किंवा धरणाच्या पाण्यात कुणी बुडाल्याची बातमी आली की ‘त्याला पोहता येत होतं’ हे वाक्य तिच्यात असतंच. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं, माणसाला परत भिंतीकडे ओढतं आणि तिथे फेसात हवा इतकी असते की हात मारला तर हाताला पाणीच लागत नाही. पट्टीचा पोहणारा तिथे दगडासारखा जातो. चांगल्या क्लबमध्ये वर्षातून एकदा मुलांना कपड्यांसकट पाण्यात उतरवतात, ओली जीन्स किती जड होते ते कळू देतात, आणि बुडणाऱ्याकडे आपण झेपावायचं नाही, दोरी, काठी, ओढणी, रिकामा कॅन, जे असेल ते फेकायचं, हे दहा वेळा करून घेतात. त्या दिवसाची नोंद वहीत ‘कपडे सराव’ एवढीच असते. वेळेच्या रकान्यात काही नसतं. माझ्या लेखी तो क्लबचा सगळ्यात मोठा दिवस.

उलट नदीनं जे शिकवलं नाही ते शिकवताना कोचची हाडं मोडतात. नदीवर शिकलेला माणूस डोकं वर ठेवून पोहतो. समोरून काय वाहत येतंय ते बघायचं असतं म्हणून ते तिथे बरोबरच असतं. तलावात मात्र डोकं वर घेतलं की कंबर खाली जाते, तराजूचं एक पारडं उचलावं तसं, आणि मग पाय सगळा वेळ शरीराला वर ठेवण्यात खर्च होतात. नवीन मुलांना म्हणून पोहायला शिकवायच्या आधी श्वास सोडायला शिकवतात. शॅलोच्या, म्हणजे उथळ बाजूच्या, कठड्याला धरून तोंड पाण्यात, नाकातोंडानं बुडबुडे, वर आल्यावर फक्त घेणं. शंभरातली नव्वद मुलं पाण्यात श्वास कोंडून धरतात, वर आल्यावर आधी सोडतात आणि मग घ्यायला वेळच उरत नाही. चार हातांत दम संपतो तो यामुळे, ताकद नसल्यामुळे नाही. बुडबुड्यांनंतर पोटावर तरंगणं, मग भिंतीला पाय देऊन बाणासारखं सरकणं, मग बोर्ड धरून किक. किकमध्ये गुडघा वाकला की मूल सायकल मारतं, पाणी खूप उडतं आणि ते जागचं हलत नाही. कधी कधी तर मागे जातं. मांडीतून पाय हलवायला सांगायचं, घोटा सैल. हे सगळं होईपर्यंत हात मारायला शिकवायचं नाही. पालकांना आठव्या दिवशी मूल पोहताना बघायचं असतं आणि उन्हाळी शिबिर तीन आठवड्यांचं असतं. तिथेच घाई होते, आणि त्या घाईत बसलेली मान पुढे पाच वर्षं वाकडी राहते.

ब्रेस्टस्ट्रोक त्यातला सगळ्यात हट्टी प्रकार. इतर तिन्हींत पायाचा पंजा मागे ताणायचा, इथे बाहेर वळवायचा, बदकासारखा. एक पंजा वळतो आणि दुसरा नाही, मग पायांची कात्री होते आणि पंच हात वर करतो. टर्नला आणि शेवटाला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत; दमलेलं मूल एक हात आधी टाकतं आणि अख्खी शर्यत बाद. त्या आठव्या लेनच्या मुलीनं, कुणी बघत नसताना, दोन्ही हात बरोबर लावले होते हे मी म्हणूनच आवर्जून लिहिलं.

पाण्याबद्दल मात्र मन दोन्हीकडे जातं. ५० बाय २५ चा तलाव, सरासरी खोली १.८ मीटर धरली तर साडेबावीस लाख लिटर पाणी. एप्रिल लागला, गंगापूर धरणाचे आकडे पेपरात यायला लागले की तलाव बंद करा म्हणणारे निघतात. याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर बायका दोन हंड्यांसाठी डोंगर उतरतात, तेव्हा त्या म्हणण्याला उत्तर देताना जीभ जड होते. खरं हेही आहे की तलाव रोज भरत नाहीत. तेच पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरत राहतं. उन्हानं दिवसाला ८-१० मिलिमीटर उडालं तर दहा-बारा हजार लिटर, म्हणजे एखादा टँकर, आणि वर फिल्टर उलटा धुताना जातं ते. फिल्टर धुतलेलं पाणी गटारात न सोडता क्लोरीन उतरू देऊन बागेला दिलं, मुलांनी उतरण्याआधी अंग धुतलं तर बरंच वाचतं. अंग धुण्याचा मुद्दा लोकांना स्वच्छतेचा वाटतो, तो पाण्याचाही आहे. आपल्याकडे आया मुलांच्या डोक्याला तेल चोपडून पाठवतात, ‘क्लोरीननं केस खराब होतात’ म्हणून. ते तेल पाण्यावर तवंग धरतं, काठाच्या टाइल्सवर काळा पट्टा चढवतं आणि फिल्टरची वाळू गुळाच्या ढेपेसारखी चिकट करतं. मग दाब वाढतो, दर दोन दिवसांनी फिल्टर धुवावा लागतो आणि पुन्हा पाणी जातं. तेल हवंच असेल तर पोहून आल्यावर लावा.

आणि डोळे लाल होणं. ‘आज क्लोरीन जास्त झालंय’ असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं. घाम, लघवी, तेल यांच्याशी लढून संपलेल्या क्लोरीनचं जे उरतं त्यालाच तो उग्र वास येतो, तेच डोळ्यांना झोंबतं. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.६ असेल तर पाण्याला जवळजवळ वास येत नाही. टीसीएल पावडरनं, म्हणजे ब्लीचिंग पावडरनं, पीएच वर सरकतो, आणि तो ७.८ च्या पुढे गेला की कितीही पावडर टाका, ती अर्ध्या जोरानंच काम करते. पावडर थेट तलावात टाकायची नाही. प्लास्टिकच्या पिंपात कालवायची, चुनखडी खाली बसू द्यायची, वरचं निवळ पाणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडायचं. दुपारी सोडलं तर ऊनच ते खाऊन टाकतं. रात्री तुरटी, पहाटे तळ झाडून ओढायचा. हे करणारा माणूस मुलांच्या आधी दोन तास आलेला असतो. पदकांच्या फलकावर त्याचंही नाव नसतं, पण डीपच्या, म्हणजे खोल बाजूच्या, तळाची काळी रेघ पहाटे वरून स्वच्छ दिसते ती त्याच्यामुळे. ती रेघ दिसली नाही तर तलावात कुणालाही उतरवू नये. तळाशी गेलेलं मूल दिसणार नसेल तर काठावर जीवरक्षक उभा असून काय उपयोग?

वहीत मे महिन्याला चार चार पानं लागतात. डिसेंबरला अर्धं. नाशिकची थंडी ज्यानं पहाटे पावणेसहाला तलावावर अनुभवली आहे त्यालाच ते अर्धं पान कळेल. निफाडकडून येणारा वारा, पाण्यावर तरंगणारी वाफ, काठाची फरशी अशी गार की तळवे बधिर व्हावेत. स्पर्धेचा नियम पाणी २५ ते २८ अंश असावं म्हणतो. उघड्या, न तापवलेल्या तलावात जानेवारीत ते १८-१९ वर येतं. अशा पाण्यात मुलांना कसं उतरवावं याचं एक शास्त्र आहे. आधी काठावर पंधरा मिनिटं दोरीउड्या आणि हात फिरवणं, घाम फुटेल न फुटेल इतकंच. दोन टोप्या. उतरल्यावर थांबा नाही. नेहमी ५० मीटर मारून वीस सेकंद विश्रांती असेल तर इथे दहा, आणि एकूण अंतर निम्मं. दात वाजत असतील तोवर काळजी नाही. मूल थरथरायचं थांबलं, ओठ निळे पडले, बोलताना शब्द जड व्हायला लागले, बोटं जुळेनाशी झाली की त्या क्षणी बाहेर. बाहेर आल्यावर आधी डोकं कोरडं, मग ओला कॉस्च्युम काढून कोरडे कपडे, मग कोमट दूध किंवा गूळ घातलेला चहा. गरम पाण्याचा शॉवर लगेच नाही, चक्कर येते. या अर्ध्या पानावरची नावं एप्रिलमध्ये पाहा. जी मुलं जानेवारीत दिवसाला सातशे-आठशे मीटर का होईना पोहत राहिली, त्यांची वेळ उन्हाळ्यात तीन-तीन, चार-चार सेकंदांनी उतरलेली असते. शेऱ्यात फक्त ‘थंडी’ लिहिलेलं असतं.

वहीतली आणखी एक जागा मात्र मला बघवत नाही. मुलींची नावं तेरा-चौदाव्या वर्षी एकाएकी थांबतात. आधी वेळ थांबते, मग नाव. वेळ थांबण्याचं कारण साधं आहे: शरीर वाढतं, कंबर रुंदावते, पाण्याचा विरोध बदलतो, आणि बाराव्या वर्षी जी वेळ सहज लागत होती ती वर्ष-दीड वर्ष हलत नाही. कधी मागेही जाते. ताकद वाढली की पुन्हा सुरू होते, पण हे त्या मुलीला आणि तिच्या आईला आधीच सांगावं लागतं. न सांगता ‘वजन बघ’ म्हटलं की ती पुढच्या सोमवारी येत नाही. त्यात पाळीचे दिवस, कॉस्च्युमवरून नातेवाइकांचं बोलणं, आणि मग सगळ्यांना मान्य असलेलं कारण, दहावी. शेऱ्याच्या रकान्यात तोच एक शब्द पानामागून पान येतो. ‘दहावी.’ ‘दहावी.’ मुलांच्या पुढेही येतो, पण त्यातले काही परत येतात.

फलकावरची नावं मी कमी लेखत नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं, तेव्हा पोहण्यातलं आशियाई पदक देशाला २४ वर्षांनी दिसलं होतं, १९८६ च्या खजान सिंगनंतर. त्या आठवड्यात राज्यभरच्या तलावांवर बटरफ्लाय शिकवा म्हणून पोरं मागे लागली. आपल्या जिल्ह्यातला चांदवडकडचा दत्तू भोकनळ पाण्याला भिणारा, विहिरी खोदणाऱ्या कष्टाच्या घरातला. सैन्यात गेल्यावर होडी वल्हवायला शिकला आणि २०१६ ला रिओत एकट्याच्या नौकेत तेरावा आला. तेरावा. पदकाच्या यादीत त्याला जागा नाही, आणि तरी नाशिकच्या कुठल्याही पोराला तो आकडा अभिमानानं सांगता येतो. मग ११ वर्षांच्या मुलीला तिचा आकडा का मिळू नये?

तिची वही मी नंतर पाहिली. त्या स्पर्धेआधीची तिची सगळ्यात चांगली वेळ १:०६.२ होती. शर्यतीत ती काय लागली असेल हे कुणालाच ठाऊक नाही. काठावर बसलेली आई म्हणे मनातल्या मनात आकडे मोजत होती आणि साठाच्या पुढे तिची मोजणी चुकली. सोमवारी सकाळी कोचनं तिला एकटीला आठव्या लेनमध्येच उतरवलं, दोन घड्याळं लावली आणि दोन्हींची सरासरी १:०५.१ आली. ती हसली. मग तिनंच विचारलं, हे शनिवारच्या पुढे लिहायचं का? कोच म्हणाले, नाही, शनिवारी पाऊस होता, शेजारी सात जणी होत्या, ते पोहणं वेगळं. सोमवारची वेळ सोमवारीच लिहिली.

शनिवारच्या ओळीत तारीख आहे, नाव आहे, ५० ब्रेस्ट आहे. शेऱ्यात लिहिलं आहे: ‘पाऊस. दोन्ही हात बरोबर.’ वेळेचा रकाना कोरा आहे. रेघसुद्धा मारलेली नाही.